फळीवर फरशी: वाचकांचे प्रश्न, मिस्त्रीची उत्तरं

या वेळी लाकडी तळावर टाइल बसवण्याबद्दलचीच पत्रं जास्त आली, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. मी आधी सुतार होतो, फरशीकडे नंतर वळलो. त्यामुळे दोन्ही बाजूंची उणीदुणी मला ठाऊक आहेत आणि दोन्ही बाजूंच्या चुका माझ्या हातून झाल्या आहेत. मापं इंचात आणि सुतात देतो. नव्या वाचकांसाठी सांगतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरला किंचित जास्त.

काका, वरच्या मजल्यावर आमची दहा बाय बारा फुटांची खोली आहे. खाली लाकडी कड्या आणि त्यांवर पाऊण इंची फळ्या. त्यावर दोन बाय दोन फुटांच्या विट्रिफाइड टाइल लावायच्या आहेत. गवंडी म्हणतात, प्लॅस्टिक अंथरून दोन इंच माल टाकू आणि त्यावर टाइल बसवू. सुतार म्हणतात, प्लाय मारून वर केमिकलने (टाइल चिकटवायचं, पोत्यात मिळणारं मिश्रण) चिकटवा, झालं काम. दोघेही जुने, दोघेही अनुभवी. कोणाचं ऐकू?

ताई, दोघांचंही अर्धंअर्धं ऐका. पण त्याआधी एक करा. खोलीच्या मधोमध एक परात ठेवा आणि तिच्यात काठोकाठ पाणी भरा. घरातल्या वजनदार माणसाला शेजारून नेहमीसारखं चालायला सांगा आणि तुम्ही खाली बसून पाण्याकडे बघा. नुसते तरंग उठले तर ठीक. पाणी डचमळून काठावरून सांडलं तर माल, प्लाय, केमिकल यांच्या गप्पा तूर्त बंद करा, कारण तुमची जमीन वाकते आहे. ही काही इंजिनिअरची चाचणी नव्हे, पण डोळ्यांना दिसलं की माणसाला पटतं.

टाइल दाबाला दगडासारखी टिकते, वाकवली की पापडासारखी मोडते. म्हणून सिरॅमिक किंवा विट्रिफाइड टाइलसाठी नियम असा आहे की पूर्ण भार आला तरी कडी तिच्या लांबीच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त वाकू नये. दहा फुटांची कडी असेल तर हा भाग इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे पावणेतीन सूत झाला. संगमरवर, ग्रॅनाइट असा नैसर्गिक दगड असेल तर ७२० वा भाग, म्हणजे त्याच्या निम्मं. कडीची उंची, जाडी, लाकडाची जात आणि दोन कड्यांमधलं अंतर इंजिनिअरला दिलं की तो हा हिशोब मांडून देतो. घरातल्या घरात अंदाजाने करायची ही गोष्ट नाही.

आता गवंड्याच्या दोन इंच मालाचं वजन काढू. तुमची खोली १२० चौरस फुटांची, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. दोन इंच जाडीचा वाळू-सिमेंटचा माल एका चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे नुसता मालच ११०० किलो. त्यावर १० मिलिमीटरची टाइल, चौरस मीटरला २२-२३ किलोच्या हिशोबाने, आणखी अडीचशे. सामान आणि माणसं अजून यायचीच आहेत. ज्या कड्यांनी आजवर फळ्यांचं वजन उचललं, त्यांच्या डोक्यावर तुम्ही सव्वा-दीड टन कायमचे ठेवणार. मालाची पद्धत मुळात चुकीची नाही. कड्या त्या भाराच्या हिशोबाने घातल्या असतील, खाली डांबरी कागद आणि मालात जाळी असेल तर असं काम दशकानुदशकं टिकतं. पण तुमच्या कड्या त्या हिशोबाने घातल्या आहेत असं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही.

जमीन वाकत असेल तर खालून बळ द्या. इथे सुताराला ठाऊक असलेली एक गोष्ट सांगतो. फळी आडवी धरली तर वाकते, तीच उभी धरली तर वाकत नाही. कडीची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. सहा इंच उंच कडीच्या जागी त्याच रुंदीची आठ इंची आली तर ती सव्वादोनपटीहून जास्त ताठ असते. कडीच्या मधोमध खालून आडवी तुळई देता आली तर त्याहून मोठी मजा आहे. दोन आधारांमधला गाळा निम्मा झाला की सगळीकडे सारख्या पसरलेल्या भाराखाली वाकणं सोळाव्या हिश्श्यावर येतं. खालच्या खोलीत ती तुळई दिसते आणि घरच्यांना ती आवडत नाही, हेही खरं. मग प्रत्येक कडीला शेजारी दुसरी कडी बोल्टने जोडा.

कड्यांमधलं अंतरही मोजा. मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंच असेल तर चांगलं. २४ इंच असेल तर कड्या भक्कम असूनही त्यांच्या मधली फळी टाचेखाली दबते, आणि टाइलला तेवढं पुरतं.

आता सुताराचा प्लाय. तो हवाच, पण फळ्यांवर तो का मारायचा हे समजलं तर तो नीट मारला जातो. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. ओल घेतली की फळी लांबीत जवळजवळ तेवढीच राहते, फुगते ती आडवी, रेषांना काटकोनात. लाकडातली ओल चार-पाच टक्क्यांनी बदलली की सहा इंच रुंद फळी साधारण अर्धा सूत सरकते. खोलीभर अशा वीस फळ्या, प्रत्येक आपापल्या परीने सरकणारी. टाइल मात्र जागची हलत नाही. प्लायमध्ये एका थराच्या रेषा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या असतात, त्यामुळे थर एकमेकांना धरून ठेवतात आणि तक्ता दोन्ही दिशांना जवळपास स्थिर राहतो. फळ्यांची धुसफुस वरच्या टाइलपर्यंत पोहोचू नये म्हणून मधला हा समजूतदार माणूस.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. फरशीच्या कामाला नवा लागलो होतो तेव्हा एका घरात थेट फळ्यांवर माल टाकून टाइल बसवली. मालातलं पाणी फळ्या रातोरात प्यायल्या. वरून सगळं झकास दिसत होतं. चार-पाच महिन्यांत खोलीत पाऊल टाकलं की भद्द-भद्द आवाज यायला लागला. पहिल्या टाइलच्या सांध्यात पटाशी घातली तर टाइल मालासकट अख्खी वर आली, कुठेही न तुटता. उलटी केली तर मालाच्या पोटावर फळीच्या रेषा, गाठी, एका खिळ्याचं डोकंसुद्धा छापल्यासारखं उमटलेलं होतं. माल फळीला चिकटला कधी नव्हताच, नुसता तिच्यावर बसला होता. ओल्या फळ्या वाळून आक्रसल्या आणि खालून निसटल्या. ती खोली मी स्वतःच्या खर्चाने उखडली.

तर काम असं करा. आधी फळ्या. जी करकरते ती सैल आहे, खिळा तिच्यात वरखाली होतो आहे. प्रत्येक फळीला प्रत्येक कडीवर दोन अडीच-इंची स्क्रू मारा, जुने खिळे खोल ठोका. कुजलेली किंवा वाळवीने पोखरलेली फळी बदला. वरून रंग मारून ती झाकली जाते, बरी होत नाही. वाकलेल्या फळ्यांचे उंचवटे रंध्याने काढा.

त्यावर पाण्याला न सुटणारा बीडब्ल्यूपी प्लाय, निदान १२ मिलिमीटरचा. तक्त्याच्या वरच्या थराच्या रेषा कड्यांना काटकोनात हव्यात. दोन तक्त्यांमध्ये एक सूत फट, भिंतीशी दोन सूत. बहुतेक जण इथे तक्ते घट्ट भिडवतात, कारण फट दिसली की त्यांना काम कच्चं वाटतं. पण प्लाय जरासा फुगला आणि त्याला जागाच नसली तर तो सांध्यावर वर उठतो आणि त्याच रेषेत टाइल तडकते. कडेने दर सहा इंचांवर, मध्ये दर आठ इंचांवर सव्वा इंची स्क्रू. ते फळीत थांबावेत, कडीत खोल शिरू नयेत, म्हणजे कडीची हालचाल प्लायला थेट ओढत नाही. खिळे नकोत. खिळा लाकडाच्या प्रत्येक फुगण्या-आक्रसण्याबरोबर केसभर वर येतो.

सगळं घट्ट झाल्यावर सपाटी बघा. दहा फुटांची सरळ पट्टी जमिनीवर सगळ्या दिशांनी फिरवा. तुमच्या टाइलची बाजू १५ इंचांहून मोठी आहे, म्हणून पट्टीखाली कुठेही एका सुतापेक्षा जास्त उजेड दिसता कामा नये. छोट्या टाइलला दोन सूत चालतात. पाणसळ इथे फारशी कामाची नाही. जमीन थोडी उतरती असली तरी टाइलला फरक पडत नाही, ओबडधोबड असली की मात्र एका टाइलचा कोपरा दुसरीच्या वर येतो आणि अनवाणी पायाला तो बरोबर सापडतो.

प्लायवर सिमेंट बोर्ड घाला, सहा मिलिमीटरचा पुरतो. त्याने जमीन ताठ होत नाही, हे लक्षात ठेवा. टाइलच्या केमिकलला धरायला न फुगणारा पृष्ठभाग मिळतो, एवढंच त्याचं काम. बोर्डाखाली पाव इंची दात्यांच्या थापीने केमिकल ओढायचं, ते ओलं असताना बोर्ड दाबायचा आणि दर आठ इंचांवर न गंजणारा स्क्रू मारायचा. खालचं केमिकल चिकटवण्यासाठी नसतं, पोकळी भरण्यासाठी असतं. कोरडा बोर्ड स्क्रूने आवळला तर खाली कुठेतरी हवा राहते आणि त्या जागी टाइल दबते. बोर्डाचे सांधे प्लायच्या सांध्यांवर येऊ देऊ नका, मध्ये एक सूत फट ठेवा आणि ती सिमेंटमधल्या अल्कलीने न खाल्ली जाणारी जाळीची पट्टी आणि केमिकल यांनी भरा. भिंतीला लावतात ती साधी जाळी सिमेंटमध्ये विरते.

बोर्डाऐवजी अनकपलिंग मेम्ब्रेन, म्हणजे खळग्याखळग्यांची प्लॅस्टिकची चादर, घातली तरी चालते. ती हलकी आणि पातळ असते, खालची थोडीशी सरक स्वतःत जिरवते. पण वाकणाऱ्या जमिनीला तीही वाचवत नाही.

टाइल बसवताना पहिल्या दोन-तीन लगेच उचलून उलट्या करून बघा. मागे निदान ८० टक्के भाग केमिकलने भरलेला हवा, ओल्या जागेत ९५ टक्के. आणि गवंड्याला विचारा, भिंतीच्या कडेची दोन सूत फट मोकळी सोडणार ना? ती ग्राउटने, म्हणजे टाइलचे सांधे भरायच्या मिश्रणाने, भरायची नाही. वर स्कर्टिंग येतं, फट झाकली जाते.

मी जमीन वर उचलली की दरवाजा अडतो, असं सुतार म्हणाला. किती जाडी धरायची?

१२ चा प्लाय, ६ चा बोर्ड, बोर्डाखाली आणि टाइलखाली मिळून केमिकलचे पाच-सहा मिलिमीटर, १० ची टाइल. एकूण ३३-३४ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाच्या थोडं वर. दरवाजा खालून कापता येतो, त्याची मला काळजी नाही. जिना बघा. वरच्या मजल्याला येणारी शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा सव्वा इंच उंच होईल, आणि जिना चढणारा माणूस पायऱ्या बघत नाही, पहिल्या दोन पायऱ्यांवर पायाने घेतलेल्या अंदाजावर पुढच्या चढतो. तिथे रोज कोणीतरी ठेचकाळेल. यावर उपाय काम सुरू होण्याआधी काढा.

काका, प्लायऐवजी घरात फर्निचरचा उरलेला पार्टिकल बोर्ड आहे. तो चालेल का?

नाही. पाण्याचा एक थेंब लागला की पार्टिकल बोर्डाची कड फुगते आणि वाळली तरी परत बसत नाही. ब्लॉक बोर्ड, एमडीएफ यांनाही हेच उत्तर. ते फर्निचरलाच वापरा.

आठ महिन्यांपूर्वी लाकडी मजल्यावर टाइल लावल्या. आता एका सरळ रेषेत चार टाइल तडकल्या आहेत आणि दाराजवळच्या तीन पोकळ वाजतात. मिस्त्री म्हणतो टाइलचा लॉट खराब. खरं असेल का?

दादा, खराब लॉट सरळ रेषेत तडकत नाही. तडा चार टाइलमधून फूटपट्टीने आखल्यासारखा गेला असेल तर खाली काहीतरी सरळ आहे. एकतर प्लायचा किंवा बोर्डाचा सांधा, नाहीतर आधाराच्या तुळईची रेषा, जिच्या दोन्ही बाजूंना कड्या खाली वाकतात आणि मधला भाग वर राहतो. खालच्या खोलीत जाऊन भिंतीपासून अंतर मोजा. तडा बरोबर तुळईवर येत असेल तर दुसरं कारण, मध्येच कुठे येत असेल तर पहिलं.

पोकळ वाजणाऱ्यांपैकी एक उचला. शक्यतो अख्खी उचला, कारण पुरावा तिच्या पोटावर असतो. टाइलची पाठ कोरी आणि जमिनीवर केमिकलच्या दात्यांच्या रांगा जशाच्या तशा उभ्या, वरून किंचित चकचकीत असतील तर केमिकल ओढून मिस्त्री दुसरीकडे गेला होता आणि त्यावर साय धरली होती. केमिकल सगळं टाइलला चिकटून आलं आणि त्यावर लाकडाचे बारीक धागे असतील तर प्लायचा वरचा थर सुटला, म्हणजे प्लाय ओल न सोसणारा होता. केमिकल दोन्हीकडे अर्धंअर्धं फाटलेलं असेल तर चिकटवण्यात दोष नाही, जमीनच हलते आहे. या तिसऱ्या प्रकारात टाइल बदलून काही होणार नाही, दर वर्षी त्याच जागी तडकेल.

आणि भिंतीच्या कडेला बघा. ग्राउट भिंतीपर्यंत ठासून भरलेला असेल तर तो कापून काढा. कधीकधी दाराजवळच्या टाइल नुसत्या जागेच्या चेपाचेपीत वर उठलेल्या असतात.

नुसत्या प्लायवर केमिकलने थेट टाइल लावली तर? यूट्यूबवर बरेच जण लावतात.

लागते. केमिकलच्या पोत्यावर लवचीक म्हणून एस १ किंवा एस २ लिहिलेलं असावं. एस १ चा थर चाचणीत अडीच ते पाच मिलिमीटर वाकतो, एस २ त्याहून जास्त. आणि लाकडावर चालेल असं त्याच पोत्यावर छापलेलं असावं, दुकानदाराने तोंडी सांगितलेलं नव्हे. माझ्या कामात मी बोर्ड किंवा मेम्ब्रेन घालतोच. व्हिडिओ टाइल लावल्याच्या दिवशी संपतो.

लाकडी मजल्यावर बाथरूम करायचं आहे. वॉटरप्रूफिंग सिमेंट बोर्डानेच होतं ना?

होत नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. सिमेंट बोर्डाचं पाण्याने काही बिघडत नाही, पण पाणी त्यातून खुशाल खाली जातं. बोर्ड शाबूत राहतो, खालची कडी कुजते. ग्राउटमधूनही पाणी झिरपतं. म्हणून बोर्डावर, टाइलच्या खाली, ब्रशने लावायच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. भिंतीवर निदान सहा इंच वर चढवा, कोपऱ्यांत आणि पाणी जायच्या जाळीभोवती कापडी पट्टी बुडवा. मग जाळी बंद करून चोवीस तास पाणी साठवा आणि खालच्या खोलीत छताकडे बघत राहा. टाइल त्यानंतर.

पण या सगळ्याच्या आधी स्क्रूड्रायव्हर घ्या आणि कड्यांना, विशेषतः त्या भिंतीत शिरतात तिथे, टोचून बघा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुततं आणि बाहेर काढताना चिवट धागा तुटतो. कुजक्या लाकडात लोण्यात गेल्यासारखं जातं आणि तुकडा कोरड्या भुशासारखा गळतो. ओल मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, टाइलच्या कामाला मी १२ च्या वर हात लावत नाही. आणि पाण्याचं टब घालणार असाल तर दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, शिवाय टब आणि माणूस. कड्यांचा हिशोब पुन्हा मांडून घ्या.

उतारासाठी प्लायखाली कड्यांवर लांब पाचरी घाला. उतार सुताराच्या हातून होऊ द्या, टाइलखालचं केमिकल जाड करून तो काढायचा नसतो. चार सुतांचं केमिकल वाळताना आक्रसतं आणि टाइलला खाली ओढतं.

जमीन एका बाजूला अर्धा इंच खचली आहे. सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे आपोआप सपाट पसरणारं पातळ मिश्रण, ओतलं तर काम होईल का?

आधी ती का खचली ते शोधा. कडी कुजली असेल तर तुम्ही आजाऱ्याच्या पाठीवर आणखी ओझं ठेवताय. कडी शाबूत असेल आणि खचणं जुनं, थांबलेलं असेल तर ओता, पण लाकडावर ओतायचे नियम पाळा. प्रायमर आधी, म्हणजे लाकूड त्यातलं पाणी ओढणार नाही. जाळी स्टेपल करा. पोत्यावर लाकडासाठी दिलेल्या जाडीपेक्षा पातळ ओतू नका. आणि प्रत्येक फट, प्रत्येक खिळ्याचं भोक आधी बुजवा. ते पाण्यासारखं पातळ असतं. एकदा माझ्या शिकाऊ पोराने पाइपाभोवतीची बोटभर फट विसरली. आम्ही वर पोत्यावर पोतं ओततोय आणि पातळी काही वाढेना, तेव्हा खालून हाक आली की कपाटावर करडं काहीतरी सांडतंय.